माल सगळा आहे, क्रमांक तुम्ही आणा: विधिमंडळ, राजपत्र आणि शासन निर्णयांच्या संकेतस्थळांचं परीक्षण

नाशिक जिल्ह्यातून विधानसभेवर पंधरा आमदार जातात, मतदारसंघ क्रमांक ११३ नांदगाव ते १२७ इगतपुरी. त्यांनी सभागृहात काय विचारलं, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, कोणतं विधेयक आलं, त्याचा कायदा झाला का, त्या कायद्याखाली अधिकार आणि पैसा कुणाच्या हाती गेला, हे सगळं सार्वजनिक दप्तरात असतं. फक्त एका जागी नसतं. विधिमंडळाचं संकेतस्थळ, ई-राजपत्र, शासन निर्णयांचं संकेतस्थळ, विधी व न्याय विभागाचं पान आणि उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार, अशी ही साखळी आहे. मुंबईची चक्कर न मारता नाशिकमध्ये बसून ती किती चालते, याचं हे परीक्षण.

निकाल आधीच सांगून टाकू. सगळ्यात कामाचं संकेतस्थळ शासन निर्णयांचं. सगळ्यात श्रीमंत विधिमंडळाचं, पण शोधायला चिवट. राजपत्र कायद्याच्या दृष्टीने अंतिम आणि वापरायला कंटाळवाणं. एक दोष सगळीकडे सारखा: क्रमांक आणि तारीख माहीत असेल तर कागद दोन मिनिटांत हाती येतो, नुसता विषय माहीत असेल तर अख्खी दुपार जाते. म्हणून खाली जास्त जागा क्रमांक कसा मिळवायचा यालाच दिली आहे.

विधिमंडळ: गोदाम मोठं, फळ्यांवर नावं कमी

विधेयकं, तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरं, सभागृहाची कार्यवाही, समित्यांचे अहवाल हा इथला मुख्य माल. आत जायची वाट ठरलेली आहे: आधी सभागृह, मग वर्ष आणि अधिवेशन, मग दिवस. २८८ सदस्यांच्या विधानसभेचं दप्तर वेगळं, ७८ सदस्यांच्या विधान परिषदेचं वेगळं. अधिवेशनं साधारण तीन. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत होतात, हिवाळी १९५३ च्या नागपूर करारामुळे नागपुरात.

पहिला घोळ इथेच होतो. बातमीत ‘मंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं’ एवढंच छापून येतं आणि परिषदेतलं उत्तर माणूस विधानसभेच्या यादीत शोधत बसतो. बातमी वाचतानाच तीन गोष्टी टिपाव्यात: सभागृह, तारीख आणि आयुध. आयुध म्हणजे विषय कोणत्या मार्गाने आला ते: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा. बातमीत ‘नियम २९३ अन्वये चर्चा’ असेल तर ती विधानसभा, ‘नियम २६० अन्वये’ असेल तर परिषद. या एका खुणेने शोध निम्म्यावर येतो.

तारांकित प्रश्नाचं दप्तर दोन जागी असतं. छापील प्रश्न आणि उत्तर त्या दिवसाच्या यादीत. उपप्रश्न आणि मंत्र्यांनी उभं राहून जे सांगितलं ते कार्यवाहीत. यादी वाचून थांबणाऱ्याच्या हातून अर्धा ऐवज सुटतो, कारण ‘चौकशी लावू’, ‘महिन्याभरात बैठक घेऊ’ ही वाक्यं जवळजवळ नेहमी उपप्रश्नांच्या वेळी येतात. अशा शब्दाला विधिमंडळाच्या भाषेत आश्वासन म्हणतात आणि त्याची पूर्तता झाली का ते पाहायला स्वतंत्र आश्वासन समिती आहे. अतारांकित प्रश्नाला तोंडी चर्चा नसते, म्हणून तो फक्त यादीत सापडतो.

छापील उत्तर वाचण्याची एक पद्धत आहे. प्रश्नाचा साचा ठरलेला: (१) अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय, (२) असल्यास चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की पुढच्या सगळ्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हा शिक्का बसतो आणि हाती काहीच लागत नाही. ‘हे अंशतः खरे आहे’ हे उत्तर सगळ्यात कामाचं. त्यापुढे सहसा खरी आकडेवारी, पत्रांच्या तारखा आणि कोणत्या कार्यालयाकडे काय प्रलंबित आहे, हे येतं. त्या तारखा म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाचा तयार मसुदाच.

प्रश्नांची शीर्षकंही एका साच्यात असतात: ‘मौजे अमुक (ता. निफाड, जि. नाशिक) येथील…’ किंवा ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक…’. फाइलच्या आत ‘जि. नाशिक’ शोधलं की जिल्ह्याचे बरेच प्रश्न एकाच फेरीत बाहेर पडतात. पण सगळे नाही. कारणं तांत्रिक आहेत आणि ती माहीत नसली की ‘आपल्या तालुक्याचा प्रश्नच आला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

एक, जुन्या कागदांत ‘नासिक’ लिहिलेलं असतं. दोन्ही रूपं शोधावीत. दोन, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. पूर्ण शब्द टाकण्यापेक्षा ‘शेतक’ एवढाच तुकडा टाकावा. ‘ॲक्ट’, ‘ॲप’ अशा शब्दांतही हाच खेळ: ॲ हे एकच अक्षर असू शकतं किंवा अ आणि त्यावर चंद्र अशी जोडी. तीन, जुन्या फाइल सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा हाती येतो. तिथे शोध चालणारच नाही. चार, काही फाइल म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो.

कोणता प्रकार आहे हे दहा सेकंदांत कळतं. एका शब्दावर माउस ओढा. शब्द निवडलाच गेला नाही तर तो फोटो. निवडला, कॉपी झाला, पण चिकटवल्यावर कचरा आला तर जुना फाँट. दोन्हींवर उपाय एकच, ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून मजकूर बनवणं. तो जुन्या फाँटच्या फाइलवरही करावा, कारण फाँट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये पहिली वेलांटी आणि रफार नको तिथे जाऊन बसतात. सोपा रस्ता: फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडणं. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी, मोठी असेल तर दहा-दहा पानांचे तुकडे करावेत. शेकडो पानं असतील तर संगणकावर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर बसवून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्याव्यात. एकटी मराठी दिली तर मध्ये येणाऱ्या इंग्रजी संज्ञांची वाट लागते. ओसीआर झाल्यावर आकडे मूळ पानाशी ताडून पाहणं सक्तीचं समजा. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल होते, आणि रकमेत तसं झालं तर पुढची तक्रार तिथेच पडते.

कार्यवाहीबद्दल एक इशारा. वर ‘असुधारित प्रत’ असं छापलेलं असेल तर तो लघुलेखकांचा कच्चा मजकूर आहे, सदस्यांच्या दुरुस्त्या आणि अध्यक्षांनी काढून टाकलेले शब्द त्यात बदलू शकतात. त्यावरून कुणाच्या तोंडी वाक्य घालू नये. मधूनमधून ‘पृ.शी.’ आणि ‘मु.शी.’ अशी अक्षरं दिसतात. ती पृष्ठशीर्ष आणि मुख्यशीर्ष. अनुक्रमणिका नसलेल्या लांबलचक फाइलमध्ये नुसतं ‘मु.शी.’ शोधत पुढे गेलं तरी विषय पटापट लागतात.

आणि एक गोष्ट इथे शोधूच नये: आपल्या आमदाराने अमुक विधेयकावर कसं मत दिलं. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभाजन मागितलं गेलं तरच नावनिशी नोंद होते. नोंदच नसेल तर संकेतस्थळाला दोष देऊन उपयोग नाही, हा सभागृहाच्या रिवाजाचा प्रश्न आहे.

विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक

विधेयकाची फाइल हा संकेतस्थळाचा सगळ्यात नीट ठेवलेला भाग. ‘सन अमुकचे विधानसभा विधेयक क्रमांक तमुक’ अशी नोंद असते. फाइल शेवटापासून वाचावी. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ एका पानात सांगतं की सरकारला हा कायदा का हवा आहे. ‘वित्तीय ज्ञापन’ खर्चाबद्दल. ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ लोक वगळतात, आणि खरी मेख तिथेच असते. कोणत्या खंडाखाली सरकार नंतर नियम किंवा अधिसूचना काढून तपशील ठरवणार आहे, याची ती यादी. शुल्क किती, हद्द कुठवर, समितीवर कोण, हे विधेयकात सापडलं नाही तर या ज्ञापनात बघावं. तो खंड लिहून ठेवला की पुढे राजपत्रात नेमकं काय शोधायचं ते ठरतं.

दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायद्यातले उतारे जोडपत्रात दिलेले असतात. ‘या शब्दांऐवजी हे शब्द दाखल करण्यात येतील’ असली वाक्यं त्या उताऱ्यांवर पेन्सिलने करून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. पडद्यावर करायला गेलं तर आणखीच गोंधळ, प्रिंट काढावी.

आता वर्षाचा सापळा. नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ज्या कायद्यावर उभं आहे, त्याचं नाव ‘महाराष्ट्र महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अधिनियम, २०१६’. तोच कायदा अधिनियमांच्या यादीत मात्र २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३ आहे. नावात एक वर्ष, क्रमांकात दुसरं. २०१६ च्या यादीत शोधणाऱ्याला तो मिळणार नाही. हिवाळी अधिवेशनात संमत झालेल्या आणि संमतीनंतर जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या कायद्यांचं असं होतं. नियम सोपा: नावातल्या वर्षात नाही मिळाला तर पुढच्या वर्षाची यादी उघडा. अध्यादेशाने सुरुवात झाली असेल तर आणखी एक क्रमांक वाढतो. संविधानाच्या अनुच्छेद २१३ प्रमाणे अध्यादेश सभागृह भरल्यावर पटलावर ठेवावा लागतो आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी तो संपतो, म्हणून त्याची जागा घेणारं विधेयक लगेचच्या अधिवेशनात येतं. तेच अधिवेशन आधी तपासावं.

विधेयकाच्या आवृत्त्याही वेगळ्या ओळखाव्या लागतात: मांडलं तसं, समितीने सुधारलं तसं, संमत झालं तसं. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक हे अलीकडचं उदाहरण. ते संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या गेल्या, बारा हजारांहून जास्त आल्या, आणि १० जुलै २०२५ ला बदललेला मसुदा विधानसभेत संमत झाला. त्या काळात व्हॉट्सअॅपवर पहिला मसुदा आणि त्यावर दुसऱ्या मसुद्याबद्दलचे वाद, अशी सरमिसळ चालू होती. कोणत्याही विधेयकावर बोलण्याआधी हातातल्या फाइलवर ‘विधानसभेत मांडण्यात आल्याप्रमाणे’ आहे की ‘संमत केल्याप्रमाणे’, ते पाहावं. सूचना मागवण्याची वेळ मात्र अपवादाने येते. विधेयक समितीकडे गेलंच नाही तर मांडल्यापासून संमत होईपर्यंत हाती मोजकेच दिवस असतात. केंद्राच्या २०१४ च्या धोरणात मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचं म्हटलं आहे, पण ते केंद्रीय मंत्रालयांसाठी.

ई-राजपत्र

कायदा लागू कधी झाला, नियम आले का, हद्द कुठवर, याचा पुरावा राजपत्रातच. त्याला पर्याय नाही म्हणून वापरायचं, एवढंच. जुन्या पत्त्यात ‘गॅझेट’चं इंग्रजी स्पेलिंगच चुकीचं होतं. बरोबर स्पेलिंग टाकणाऱ्याला पान मिळायचं नाही. विभाग, भाग आणि तारखांची मुदत देऊन यादी येते, आतला मजकूर शोधता येतो अशी आशा ठेवू नये.

नाशिककरांसाठी महत्त्वाची ती भाग एकची नाशिक विभागीय पुरवणी. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांच्या भूसंपादन आणि नगररचनेच्या सूचना पाहायची ही पहिली जागा. शेत रिंग रोडमध्ये किंवा आरक्षणात जातंय का, याची चर्चा चौकात होते, पण हरकतीची मुदत राजपत्रातल्या तारखेपासून धावते. साधारण अंक ठरल्या वारी निघतो, असाधारण कधीही. त्यामुळे शोधताना दोन्हींवर खूण करावी, नाहीतर नेमकी हवी ती अधिसूचना निसटते. नाव बदलाच्या जाहिराती भाग दोनमध्ये असतात, त्यांचा इथे संबंध नाही, पण संकेतस्थळावर येणारी गर्दी बरीचशी त्यांचीच.

एक बारकावा वकिलांना माहीत असतो, इतरांना नाही. राज्याचा कायदा मराठीत झाला की त्याचा इंग्रजी अनुवादही राजपत्रात छापला जातो आणि अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे तो अधिकृत इंग्रजी पाठ समजला जातो. उच्च न्यायालयात जायचं असेल तर दोन्ही प्रती काढून ठेवाव्यात.

दुरुस्त्या धरून आजचा कायदा वाचायचा असेल तर राजपत्र नको. विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर किंवा केंद्राच्या इंडिया कोडवर एकत्रित पाठ मिळतो. मुखपृष्ठावर ‘अमुक दिनांकापर्यंत सुधारित’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख वाचायची आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या स्वतः शोधायच्या. इंडिया कोडवर कलमवार पानं असल्याने वाचायला ते बरं. मराठी पाठ हवा असेल तर विभागाचंच संकेतस्थळ.

शासन निर्णय: इथे रचना जमली आहे

प्रत्येक शासन निर्णयाला एक लांब संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन विभागाचे: वित्त विभागाचा निर्णय ०५ ने संपतो, शालेय शिक्षणाचा २१ ने. पीडीएफच्या फाइलचं नावही हाच संकेतांक. म्हणजे कुणी फाइल नुसती पुढे ढकलली तरी तारीख आणि विभाग नावावरून कळतो. प्रत्येक निर्णयाच्या तळाशी तो छापलेला असतो: ‘…या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक…’. शोधताना तो इंग्रजी आकड्यांत टाकावा.

खोटा जीआर ओळखायची सगळ्यात सोपी कसोटी हीच. व्हॉट्सअॅपवर आलेल्या कागदाचा संकेतांक संकेतस्थळावर टाकायचा. मिळाला आणि मजकूर जुळला तर खरा. तळाशी संकेतांकच नसेल तर पुढे पाठवू नये. उलट प्रकारची भीतीही दिसते: फाइल उघडल्यावर डिजिटल स्वाक्षरीवर प्रश्नचिन्ह दिसलं की लोक निर्णय बनावट समजतात. बहुतेकदा संगणकातल्या पीडीएफ वाचकाला त्या स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राची ओळख नसते, एवढाच त्याचा अर्थ. स्वाक्षरीवर टिचकी मारून प्रमाणपत्र विश्वासार्ह यादीत घातलं की हिरवी खूण येते. मोबाइलमधल्या साध्या वाचकात ती पडताळणी होतच नाही.

निर्णयाच्या सुरुवातीला ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा असतात. मागे जायला ही उत्तम शिडी: आजच्या निर्णयावरून मूळ योजनेपर्यंत पोचता येतं. पुढे यायला मात्र शिडी नाही. जुना निर्णय उघडला तर तो नंतर अधिक्रमित झाला (म्हणजे नव्या निर्णयाने त्याची जागा घेतली), त्याला शुद्धिपत्रक निघालं, हे त्यावर कुठेच दिसत नाही. आणि हा दोष किरकोळ नाही. सोसायटीच्या वादात, बदल्यांच्या प्रकरणांत, अनुदानाच्या अर्जांत रद्द झालेला निर्णय जोडून लोक हरतात. उपाय: विभाग निवडायचा, जुन्या निर्णयाच्या तारखेपासून आजपर्यंतची मुदत द्यायची आणि शीर्षकातला एकच ठळक शब्द टाकायचा. पूर्ण वाक्य टाकलं तर काही मिळत नाही, कारण शोध शीर्षकापुरता चालतो आणि शीर्षक लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल याचा नेम नसतो. ‘अनुदान’ नाही मिळालं तर ‘निधी वितरण’, ‘मुदतवाढ’ नाही तर ‘कालावधी वाढविणेबाबत’.

कुंभमेळ्याची कामं पाहणाऱ्यांना ही साखळी सध्या रोज लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाचा कायदा २०२५ मध्ये झाला, पण कुठल्या रस्त्याला, कुठल्या घाटाला किती रकमेची प्रशासकीय मान्यता मिळाली, हे कायद्यात नसतं. ते नगर विकास, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा अशा वेगवेगळ्या विभागांच्या शासन निर्णयांत विखुरलेलं असतं. एकाच विभागात शोधून ‘निर्णयच नाही’ म्हणू नये. शीर्षकात ‘कुंभमेळा’ आणि ‘सिंहस्थ’ हे दोन्ही शब्द वेगवेगळे टाकून पाहावेत. मान्यता म्हणजे पैसे नव्हेत. वितरणाचा निर्णय वेगळा निघतो, आणि तो वित्त विभागाच्या बीम्स या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीत विभागवार तरतुदीशी ताडून पाहता येतो. त्यासाठी निर्णयात दिलेलं लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्याखाली नोंदवतात त्याचा क्रमांक) जसंच्या तसं उतरवून घ्यावं.

उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार

संकेतस्थळं जिथे संपतात तिथे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट सुरू होतं. राज्याचं ऑनलाइन पोर्टल पैसे भरण्यापर्यंत ठीक चालतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो, हा मोठा फायदा. कार्यालय निवडताना काळजी घ्यावी, कारण चुकीच्या प्राधिकरणाकडे गेलेला अर्ज कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत वर्ग व्हायला हवा, पण प्रत्यक्षात तिथेच वेळ जातो. ज्या कार्यालयाचं नाव यादीत नाही, तिथे कागदी अर्ज.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत हवा. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नये. कारण हे अभिलेखात नसेल तर देता येत नाही, असं उत्तर येतं आणि ते कायद्याला धरून असतं. विचारायचं असं: ‘विधानसभा तारांकित प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याच्या उत्तरात नमूद केलेल्या कार्यवाहीच्या नस्तीतील टिपणी भाग आणि निर्गमित पत्रांच्या प्रती.’ (नस्ती म्हणजे कार्यालयातली फाइल.) क्रमांक दिला की माहिती अधिकाऱ्याला ‘माहिती सुस्पष्ट नाही’ म्हणायला जागा उरत नाही. हा अर्ज विधिमंडळ सचिवालयाकडे नको, उत्तर देणाऱ्या विभागाकडे किंवा जिल्ह्यातल्या त्याच्या कार्यालयाकडे द्यावा. सचिवालयाकडे विशेषाधिकाराचं कलम ८(१)(ग) आड येऊ शकतं, विभागाच्या फाइलला ते लावणं अवघड.

वैयक्तिक माहितीच्या कारणावरून नकार देणं आता सोपं झालं आहे, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच बदललं. नावांऐवजी पदनाम, संख्या आणि रक्कम मागावी. नाव हवंच असेल तर कलम ८(२) खालचं लोकहिताचं कारण अर्जातच लिहावं.

तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यावर समाधान नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. दोन्ही अपिलांना वीस-वीस रुपये. प्रतींना पानाला दोन रुपये, मात्र मुदत उलटल्यावर मिळालेली माहिती कलम ७(६) प्रमाणे फुकट. शुल्काची मागणी करणारं पत्र एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवशी आलं तर त्याचं पाकीट टाकून देऊ नये, टपालाचा शिक्का अपिलात कामी येतो.

महापालिका आणि गाव

खाली येऊ तसं दप्तर आटत जातं. महासभेची विषयपत्रिका निघते, पण ठराव आणि इतिवृत्त शोधता येईल अशा रूपात मिळणं दुर्मीळ. नाशिकमध्ये मार्च २०२२ नंतर बराच काळ प्रशासकांचा होता, म्हणून त्या काळातले निर्णय महासभेच्या इतिवृत्तात शोधूच नयेत, प्रशासकीय ठरावांची नोंदवही मागावी. ग्रामपंचायतीसाठी ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं संकेतस्थळ उलट बरं आहे. गाव निवडलं की मंजूर आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च दिसतो. कामाचं नाव मात्र इतकं मोघम असतं की ग्रामसभेत बसूनच अर्थ लागतो.

संसदेचं संकेतस्थळ याच कामासाठी उघडलं की फरक कळतो. तिथे खासदाराच्या नावाने, मंत्रालयाने, विषयाने प्रश्न गाळून घेता येतात. दिल्लीची पीआरएस ही संस्था राज्यांच्या विधेयकांचाही पाठपुरावा ठेवते, मराठी मूळ पाठासाठी मात्र परत विधिमंडळाकडेच यावं लागतं. आपल्याकडे फार मोठा खर्च लागणार नाही. फाइल युनिकोडमध्ये चढवणं, प्रत्येक प्रश्नाला न बदलणारा दुवा आणि जिल्ह्याची खूण देणं, विधेयकाच्या पानावर पुढचा अधिनियम, नियम आणि शासन निर्णय यांचे क्रमांक जोडणं, आणि अधिक्रमित निर्णयावर तसा शेरा मारणं. यातला शेवटचा शेरा तर टंकलिपिकाच्या एका ओळीचं काम आहे.

तोवर सोमवार वापरावा. सामान्य प्रशासन विभागाच्या नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरावरची कार्यालयं आणि स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. अर्जाची तीस दिवसांची वाट नाही. निर्णयाची प्रत बरोबर न्यावी, कारण खिडकीवरच्या माणसाला तो माहीत असतोच असं नाही. मागायचा कागद नस्ती क्रमांकासह चिठ्ठीवर लिहून न्यावा, ‘रस्त्याची फाइल’ म्हटलं तर पुढच्या सोमवारी बोलावतात. सव्वातीनच्या आत पोचलेलं बरं. नस्ती अभिलेख कक्षातून वर यायलाच अर्धा तास जातो.